छद्मजनुके: मृत ठरवण्याची घाई आणि जिवंत ठरवण्याची घाई

भारतीय विज्ञानवार्तांत छद्मजनुके येतात ती बहुधा दोनच वेशांत. एका वेशात ती ‘डीएनएमधला कचरा’ असतात: उत्क्रांतीने मोडून टाकलेली, निरुपयोगी आणि वाचण्याच्याही लायकीची नसलेली. दुसऱ्या वेशात, एखादा नवा शोधनिबंध प्रसिद्ध होताच, तीच ‘कचऱ्यातला खजिना’ होतात आणि निसर्गात व्यर्थ असे काहीच नसते या वाक्याने बातमी संपते. हे दोन्ही मथळे खोटे आहेत आणि दोघांचा दोषही एकच आहे. पुरावा तपासण्याआधीच निकाल देऊन दोघेही मोकळे होतात.

या दोषाची किंमत सर्वाधिक कुठे मोजावी लागते, हे पाहायचे असेल तर इम्युनोग्लोब्युलिनच्या, म्हणजे प्रतिपिंडांच्या, छद्मजनुकांकडे पाहावे. प्रतिपिंड घडवणाऱ्या जनुकांच्या पट्ट्यात शाबूत जनुकांपेक्षा मोडक्या जनुकांची संख्या जास्त आहे. एका पक्ष्यात याच मोडक्या जनुकांवर संपूर्ण प्रतिकारशक्ती उभी आहे. माणसात त्यांचे काम काय, याचे उत्तर अजून पुरे मिळालेले नाही. आणि दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचून झाल्याचा अभिमान बाळगणाऱ्या देशात हा पट्टा भरवशाने वाचला गेल्याशिवाय ते उत्तर भारतीयांपुरते तरी मिळणार नाही.

आधी शब्दाविषयी. ‘स्यूडोजीन’ हा शब्द १९७७ साली एका बेडकाच्या, झेनोपसच्या, डीएनएच्या अभ्यासातून रूढ झाला. एका जनुकाशेजारी त्याच्यासारखीच, पण अपुरी प्रत सापडली आणि तिला हे नाव मिळाले. त्याच्या पाच वर्षे आधी, १९७२ मध्ये, सुसुमु ओहनो यांनी सस्तन प्राण्यांच्या जीनोममधील बहुतांश डीएनए ‘जंक’ असावा, असा युक्तिवाद केला होता. तो युक्तिवाद आळसातून आलेला नव्हता. प्रत्येक पिढीत होणाऱ्या उत्परिवर्तनांचे ओझे किती जनुकांना पेलता येईल, या हिशेबावर तो आधारलेला होता. पुढे मात्र हिशेब विसरला गेला आणि शिवी तेवढी उरली. छद्म म्हणजे खोटे, खोटे म्हणजे मेलेले, मेलेले म्हणजे फेकण्याजोगे, अशा पायऱ्या उतरत एक तांत्रिक नाव शेवटी निवाडा होऊन बसले.

आता प्रतिपिंडांविषयी. बारावीच्या पुस्तकात प्रतिपिंडाची आकृती असते: दोन जड साखळ्या, दोन हलक्या साखळ्या, टोकाशी प्रतिजनाला पकडणारा भाग. त्या आकृतीपाशीच बहुतेक वर्गांतला धडा संपतो, आणि खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. माणसाच्या जीनोममध्ये प्रथिने घडवणारी जनुके सुमारे वीस हजार. जगातले जंतू अगणित, शिवाय सतत बदलणारे. मग अगणित आकारांची प्रतिपिंडे येतात कुठून? सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले, की प्रतिपिंडाचे जनुक जन्मतः तयार नसतेच. ‘बी’ पेशी घडत असताना डीएनएचे वेगवेगळे तुकडे कापून जोडले जातात आणि प्रत्येक पेशीत वेगळे जनुक तयार होते. या शोधासाठी त्यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जड साखळीसाठी लागणारे हे तुकडे माणसाच्या चौदाव्या गुणसूत्राच्या टोकाजवळ रांगेने मांडलेले आहेत. त्यांपैकी ‘व्ही’ तुकड्यांचा पट्टा जपानी संशोधकांनी सलग वाचला आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे ९ लाख ५७ हजार अक्षरांच्या त्या पट्ट्यात १२३ व्ही तुकडे सापडले. त्यांतले ७९ छद्मजनुके होते. उरलेल्या ४४ पैकी ३९ प्रत्यक्ष प्रथिनाच्या रूपात उतरतात, असे आढळले. म्हणजे प्रत्येक तीन तुकड्यांतले जवळजवळ दोन मोडके. कुणाच्या सुरुवातीचा भाग गहाळ, कुणाच्या मधोमध अकाली पूर्णविराम, कुणाचा जोडणीचा संकेत बिघडलेला. प्रतिपिंडाच्या स्थिर भागाची जनुके ज्या रांगेत आहेत तिथेही हाच प्रकार आहे. शाबूत जनुकांच्या मध्ये एक मोडके गॅमा आणि एक मोडके एप्सिलॉन ठाण मांडून बसले आहे, तर एप्सिलॉनची आणखी एक निर्जीव प्रत थेट नवव्या गुणसूत्रावर जाऊन पडली आहे.

या ७९ तुकड्यांचे काय करायचे? पहिल्या गटाचे उत्तर सोपे आहे: वगळायचे. शाबूत जनुकांची यादी करायची, अभ्यासाची साधने त्यांच्यापुरती घडवायची आणि बाकीचा भाग रिकामा समजायचा. हे उत्तर किती धोक्याचे आहे, हे एका कोंबडीने दाखवून दिले आहे.

कोंबडीच्या शरीरात, अवस्कराच्या वरच्या अंगाला एक लहानशी पिशवी असते. सोळाव्या-सतराव्या शतकातील इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ फाब्रिसियस यांच्या नावाने ती ओळखली जाते: बर्सा ऑफ फाब्रिसियस. साडेतीनशे वर्षे या पिशवीचे काम कुणालाच कळले नव्हते. १९५० च्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठातील ब्रूस ग्लिक यांनी पिल्लांची बर्सा काढून पाहिली आणि दृश्य परिणाम काहीच दिसला नाही. पुढे त्यांचे सहकारी टिमथी चँग यांना वर्गात प्रतिपिंडे दाखवण्याच्या प्रात्यक्षिकासाठी कोंबड्या हव्या होत्या. ग्लिक यांच्या कोंबड्या वापरल्या गेल्या आणि प्रात्यक्षिक फसले. बर्सा काढलेल्या कोंबड्यांत प्रतिपिंडे तयारच झाली नव्हती. हा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकाने नाकारला, असे सांगितले जाते. तो १९५६ मध्ये ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये छापून आला. आज जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी ज्यांना ‘बी’ पेशी म्हणतात, त्यांच्या नावातले ‘बी’ याच बर्सावरून आले आहे.

निरुपयोगी ठरवलेल्या त्याच अवयवात पुढे निरुपयोगी ठरवलेल्या जनुकांचे काम सापडले. क्लोद-अन्येस रेनो, ज्याँ-क्लोद वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांतून कोंबडीच्या हलक्या साखळीचे विलक्षण चित्र उभे राहिले. माणसाकडे शाबूत व्ही तुकड्यांचा साठा आहे. कोंबडीकडे हलक्या साखळीसाठी शाबूत व्ही तुकडा आहे फक्त एक. त्याच्या मागे रांगेने सुमारे २५ छद्मजनुके आहेत. जड साखळीचीही तीच गत: कामाचा व्ही तुकडा एक आणि मागे सुमारे ८० छद्मजनुके.

एकाच तुकड्यातून वैविध्य निघणार कसे? कोंबडीच्या प्रत्येक बी पेशीत सुरुवातीला जवळपास एकसारखेच जनुक जुळते. मग ती पेशी बर्सात येते आणि तिथे छद्मजनुकांमधील मजकुराचे लहान तुकडे उचलून त्या एकमेव शाबूत जनुकात उतरवले जातात. एका पेशीत या छद्मजनुकाचा तुकडा, दुसरीत त्या छद्मजनुकाचा, तिसरीत तीन-चार छद्मजनुकांचे तुकडे एकावर एक. देणारे जनुक जसेच्या तसे राहते आणि घेणारे मात्र बदलते. या क्रियेला जनुक-रूपांतरण, म्हणजे जीन कन्व्हर्जन, म्हणतात. कोंबडीची छद्मजनुके स्वतः एकही प्रथिन घडवू शकत नाहीत. तरीही त्यांच्यातला मजकूर पिल्लाच्या रक्तातल्या प्रतिपिंडांमध्ये उतरलेला असतो. सशाच्या आतड्याशी निगडित लसिका ऊतींतही याच पद्धतीने प्रतिपिंडे वैविध्य मिळवतात.

या कामाचे महत्त्व प्रयोगशाळेपुरते नाही, हे कुक्कुटपालन करणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे, भले ते त्याला वेगळ्या नावाने ठाऊक असेल. गंबोरो रोगाचा विषाणू कोवळ्या पिल्लाच्या बर्सावरच घाला घालतो. बर्सा उद्ध्वस्त झालेले पिल्लू त्या आजारातून वाचले तरी पुढे इतर रोगांना सहज बळी पडते आणि दिलेल्या लसींनाही नीट प्रतिसाद देत नाही. ज्या कारखान्यात मोडक्या जनुकांतून प्रतिपिंडांचे वैविध्य घडायचे, तो कारखानाच नष्ट झालेला असतो.

परंतु ‘मजकुरात साम्य आढळले’ एवढ्यावर विज्ञान थांबले नाही, आणि पुरावा म्हणजे काय हे शिकण्याची जागा तीच आहे. जपानमध्ये तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत एआयडी नावाचे विकर सापडले. १९९९ आणि २००० मधील निबंधांतून प्रतिपिंडांच्या जनुकांत होणाऱ्या बदलांमागे ते असल्याचे स्पष्ट झाले. कोंबडीच्या डीटी-४० या पेशीवंशात हे विकर काढून टाकले तेव्हा जनुक-रूपांतरण थांबले. त्यानंतर, २००४ मध्ये, हिरोशी अराकावा, जाँ-मारी ब्यूर्स्टेड आणि सहकाऱ्यांनी सर्वांत सरळ प्रश्न विचारला: छद्मजनुकेच काढून टाकली तर? उत्तरही तितकेच सरळ आले. दाता नाहीसा होताच रूपांतरण बंद पडले आणि त्याच जागी सुटी, दिशाहीन उत्परिवर्तने वेगाने होऊ लागली. छद्मजनुक असते तेव्हा काय होते आणि नसते तेव्हा काय होते, या दोन्ही बाजू समोर आल्या. कोंबडीच्या छद्मजनुकांना काम आहे, हे विधान म्हणूनच ठामपणे करता येते.

पहिल्या गटाचा दावा येथे कोसळतो. प्रथिन न घडवणारे जनुक निरुपयोगीच असते, हा नियम नाही. निदान एका प्राण्यात तो पूर्णपणे खोटा ठरला आहे, आणि तो प्राणी दुर्मीळ नाही, गावोगावच्या अंगणात दाणे टिपणारा आहे. त्याचा रानटी पूर्वज, लाल रानकोंबडा, भारताच्या जंगलांत आजही आरवतो.

मात्र कोंबडीची ही कथा हाती येताच दुसरा गट पुढे सरसावतो. कोंबडीत छद्मजनुकांना काम आहे, तर माणसातही असणारच. सगळ्याच डीएनएला काम असणार. ‘कचरा’ ही पाश्चात्त्य वैज्ञानिकांची उर्मट कल्पना होती. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात ही म्हण सुंदर आहे, पण जीनोमच्या प्रत्येक अक्षराचे पांग नुसत्या वाट पाहण्याने फिटत नाहीत. त्यासाठी काढून पाहावे लागते.

२०१२ मध्ये एन्कोड प्रकल्पाने मानवी जीनोमच्या ८० टक्के भागाला जैवरासायनिक कार्य आहे, असे जाहीर केले आणि ‘जंक डीएनएचा अंत’ झाल्याच्या बातम्या जगभर झळकल्या. उत्क्रांतीशास्त्रज्ञांनी लगेच आक्षेप घेतला. डीएनएच्या एखाद्या भागाची नक्कल आरएनएमध्ये होते, किंवा त्यावर एखादे प्रथिन येऊन बसते, एवढ्याने त्याला कार्य आहे असे ठरत नाही. रस्त्याकडेच्या दगडावरही माणसे टेकतात; म्हणून तो दगड बाक म्हणून घडवलेला नसतो. नैसर्गिक निवडीने जपलेला भाग किती, हा प्रश्न विचारला की आकडा खाली येतो. २०१४ मधील ऑक्सफर्डच्या संशोधकांच्या अंदाजानुसार तो सुमारे ८.२ टक्के आहे. आणि ज्यांना प्रत्येक अक्षर अर्थपूर्ण वाटते, त्यांनी टी. रायन ग्रेगरी यांचा कांद्याचा प्रश्न सोडवावा. कांद्याचा जीनोम माणसाच्या जीनोमच्या सुमारे पाचपट मोठा आहे. एवढे सगळे डीएनए आवश्यक असेल, तर कांद्याला माणसाच्या पाचपट सूचना लागतात कशासाठी?

प्रतिपिंडांच्या पट्ट्यालाही हीच शिस्त लागू होते. माणूस ही मोठी कोंबडी नाही. माणसाकडे शाबूत व्ही तुकडे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या जुळणीतून, जुळणीच्या सांध्यावर होणाऱ्या फेरफारांतून आणि नंतरच्या उत्परिवर्तनांतून त्याला वैविध्य मिळते. कोंबडीसारखे छद्मजनुकांचे तुकडे उचलून प्रतिपिंडे घडवण्याची पद्धत माणसात मुख्य मार्ग म्हणून दिसलेली नाही. मासातोशी नेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या ‘जन्म-मृत्यू’ प्रतिमानानुसार अशी जनुककुले सतत प्रती काढत असतात. काही प्रती उपयोगी पडून टिकतात, काही बिघडून पडून राहतात. माणसाच्या ७९ पैकी पुष्कळ छद्मजनुके अशी निव्वळ पडून राहिलेली असण्याची शक्यता खरी आहे, आणि ती मान्य करण्यात कोणताही अपमान नाही.

मग माणसात काय शक्य आहे? तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवायला हव्यात. पहिली, दात्याची भूमिका: कोंबडीत सिद्ध, माणसात मुख्य मार्ग म्हणून नाही. दुसरी, जागेची भूमिका: काही छद्मजनुकांजवळचे जोडणीचे संकेत शाबूत असतात, म्हणून ती जुळणीत ओढली जातात, त्यातून प्रथिन होत नाही, पण कोणता तुकडा कितीदा निवडला जातो या स्पर्धेत तीही उतरलेली असतात. तिसरी, आरएनएची भूमिका: २०१० मध्ये पीटेन या अर्बुदरोधी जनुकाच्या छद्मप्रतीबाबत दाखवले गेले, की तिचा आरएनए सूक्ष्म आरएनएंना स्वतःकडे खेचून मूळ जनुकाला वाचवतो. हे तत्त्व इतरत्र लागू होऊ शकते. ‘होऊ शकते’ आणि ‘होते’ यांच्यात मात्र एक अख्खा प्रयोग उभा असतो. वार्ताहर तो प्रयोग गाळतात आणि विद्यार्थी ते गाळलेले वाक्य पाठ करतात.

छद्मजनुके पाहू नयेत म्हणणाऱ्यांसाठी आणि ती परोपकारीच असतात म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक उदाहरण आहे. ते प्रतिपिंडांचे नाही, पण क्रिया तीच आहे. सहाव्या गुणसूत्रावर, प्रतिकारशक्तीशी निगडित जनुकांच्या दाटीतच, अधिवृक्क ग्रंथीच्या संप्रेरकांसाठी लागणारे २१-हायड्रॉक्सिलेजचे जनुक आहे. त्याच्या जवळच त्याची मोडकी प्रत आहे आणि दोघांच्या मजकुरात सुमारे ९८ टक्के साम्य आहे. इथेही छद्मजनुकातला मजकूर शाबूत जनुकात उतरतो. फरक इतकाच, की उतरतो तो बिघाड. जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धी या विकारामागची बहुसंख्य दोषपूर्ण रूपे याच शेजारणीकडून आलेली आहेत. तीव्र प्रकारात नवजात बाळाच्या शरीरातले मीठ झपाट्याने कमी होते आणि निदान वेळेत झाले नाही तर पहिल्या काही आठवड्यांतच बाळ दगावू शकते. जी क्रिया कोंबडीच्या पिल्लाला प्रतिपिंडे देते, तीच क्रिया मानवी बालकाला मरणाच्या दारात नेऊ शकते. ‘मेलेले’ म्हणवणाऱ्या जनुकाचा हात किती लांब पोचतो, हे पाहून तरी त्याला न वाचता वगळण्याचा हट्ट सुटायला हवा.

आणि मृत-जिवंत ही विभागणीसुद्धा वाटते तितकी पक्की नाही. प्रतिपिंडांच्या जनुकांच्या आंतरराष्ट्रीय याद्यांत अशी जनुके नोंदलेली आहेत, ज्यांचे एक रूप शाबूत आणि दुसरे रूप छद्म आहे. एका माणसात कामाचे असलेले जनुक दुसऱ्यात मोडके असते. १९९६ मध्ये अमेरिकेतील नवाहो लोकांत हलक्या साखळीच्या एका व्ही तुकड्याचे सदोष रूप आढळले. त्याचा जोडणीचा संकेत बिघडलेला होता. हिमोफिलस इन्फ्लुएंझा ‘बी’ या जिवाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांत तोच तुकडा वापरला जातो, आणि नवाहोंमध्ये त्या जिवाणूच्या आजाराचे प्रमाण जास्त होते. या दोहोंत संबंध असू शकतो, असे संशोधकांनी जपून मांडले. एका समाजाचा नकाशा दुसऱ्याच्या कामी येईलच असे नाही, हा त्यातला धडा आहे.

तो धडा भारतासाठी महत्त्वाचा आहे. जैवतंत्रज्ञान विभागाच्या जीनोमइंडिया प्रकल्पात वीस संस्थांनी मिळून दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांची माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रातून संशोधकांसाठी खुली करण्यात आली. त्याआधी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या इंडिजेन प्रकल्पाने हजाराहून अधिक जीनोम वाचले होते. या दोन्ही कामांचे मोल मोठे आहे. पण असे वाचन मुख्यतः आखूड तुकड्यांनी होते. जीनोमचे सुमारे दीडशे अक्षरांचे तुकडे वाचायचे आणि ते संदर्भ-जीनोमवर योग्य जागी बसवायचे, ही ती पद्धत. एरवी ती उत्तम चालते. पण एकमेकांची प्रत वाटावी अशा १२३ तुकड्यांच्या पट्ट्यात दीडशे अक्षरांचा तुकडा कुठला, हे ओळखायचे कसे? तो शाबूत जनुकाचा आहे की शेजारच्या छद्मजनुकाचा? संगणक जेव्हा ठरवू शकत नाही, तेव्हा तो तुकडा बाजूला काढला जातो. छद्मजनुक इथे दुसऱ्यांदा वगळले जाते आणि जाताना शाबूत शेजाऱ्यालाही अंधारात ओढून नेते.

संदर्भाचीही अडचण आहे. १९९८ चा नकाशा एकाहून अधिक माणसांच्या डीएनएचे तुकडे जोडून झाला होता. एकाच गुणसूत्राच्या सलग वाचनावर आधारलेला पट्टा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा आधीच्या नकाशात नसलेली सुमारे एक लाख अक्षरे त्यात सापडली. जगातल्या सर्वाधिक अभ्यासलेल्या जीनोममधून, लसविज्ञानाला सर्वाधिक हव्या असलेल्या पट्ट्यात, एक लाख अक्षरे गायब होती.

याने काय बिघडते, असे विचारणाऱ्यांना ओशिआनियातील एका अभ्यासाचे उत्तर आहे. २०१७ मध्ये तेथील लोकांच्या अभ्यासात जड साखळीच्या ४-६१ या व्ही जनुकाच्या एका रूपाचा संधिवाताभ हृदयरोगाशी संबंध आढळला. त्या रूपाच्या प्रत्येक प्रतीगणिक धोका सुमारे १.४ पट होता. घशाच्या साध्या जिवाणूसंसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटते, तो हा रोग. भारतात तो आजही गरीब घरांतल्या मुलांच्या आणि तरुण स्त्रियांच्या वाट्याला येतो. आणि २०२३ मध्ये १५४ जणांचा हाच पट्टा दीर्घवाचन पद्धतीने, म्हणजे हजारो अक्षरांचे सलग तुकडे वाचून, तपासला गेला, तेव्हा दिसले की या पट्ट्यातील वारसाहक्काने आलेले फरकच ठरवतात, कोणता माणूस कोणते व्ही तुकडे किती वापरणार. लस एकच असते, पण तिला उत्तर देणारी सामग्री माणसागणिक वेगळी असते. भारतीयांची ती सामग्री कोणती, हे जाणून घेण्याची पहिली पायरी म्हणजे पट्टा संपूर्ण वाचणे, मोडक्या तुकड्यांसकट.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला पैशाचा: दीर्घवाचन महाग आहे आणि दहा हजार जणांसाठी आखूड वाचन निवडणे योग्यच होते. हे मान्य. पण दहा हजार जणांचे दीर्घवाचन कुणी मागत नाही. फक्त हा एक पट्टा वेचून काढून दीर्घवाचनाने वाचण्याची पद्धत उपलब्ध आहे. वेगवेगळ्या समाजांतून निवडलेल्या काही शे नमुन्यांनीही नकाशाची सुरुवात होऊ शकते. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: माणसातल्या या छद्मजनुकांना काम आहे हेच सिद्ध नसताना त्यांच्यावर खर्च का? कारण काम नाही, हेही सिद्ध झालेले नाही. शिवाय ती न वाचता शाबूत जनुकेही नीट वाचता येत नाहीत. ओसाड शेताची हद्द मोजल्याशिवाय शेजारच्या पिकत्या शेताचाही सातबारा पक्का होत नाही.

कोंबडीच्या बाबतीत तर भारताला सबबही नाही. असील आणि कडकनाथ यांच्यासारख्या देशी जाती काटक असल्याचा बोलबाला सतत होतो. त्या काटकपणात प्रतिपिंडांचा वाटा किती आणि त्यांच्या छद्मजनुकांचा मजकूर कुठे वेगळा आहे, हा प्रश्न बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने आपल्या कार्यक्रमात अग्रक्रमाने घ्यावा असा आहे. ज्या पक्ष्यात छद्मजनुकांचे काम सिद्ध आहे, त्याच पक्ष्याच्या देशी वाणांची स्तुती त्यांचा हा पट्टा न वाचता होत राहिली, तर तो अभिमान पोकळच राहील.

विद्यार्थ्यांच्या हाती तूर्त एवढे आहे: छद्मजनुकांविषयीची कोणतीही बातमी समोर आली, की तिला तीन प्रश्न विचारावेत. ते जनुक काढून पाहिले का? कोणत्या प्राण्यात किंवा पेशीत काढून पाहिले? आणि काढल्यावर जे बदलले, ते त्या प्राण्याच्या जगण्यात महत्त्वाचे होते का? तिन्ही उत्तरे मिळाली तर ‘काम आहे’ असे म्हणावे. पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसेल, तर बातमी शक्यतेची आहे, शोधाची नाही. आणि बातमी ‘काम नाही’ असे सांगत असेल, तर हेच तीन प्रश्न तिलाही तितक्याच कडकपणे विचारावेत.

बर्साला साडेतीनशे वर्षे वाट पाहावी लागली आणि शेवटी एका फसलेल्या प्रात्यक्षिकाने तिला न्याय दिला. इम्युनोग्लोब्युलिनच्या मानवी छद्मजनुकांपैकी किती निर्दोष सुटतील, किती खरोखरच निर्जीव ठरतील आणि किती अपराधी निघतील, हे आज कुणी सांगू नये. त्यांचा मजकूर भारतीय नमुन्यांतून संपूर्ण वाचून, शाबूत जनुकांइतक्याच काळजीने नोंदवून संशोधकांसाठी खुला करावा. निकाल त्यानंतर.